पाचवा क्रूस

"झावळ्या द्या हो, जुन्या झावळ्या!"

अंगणातून हाक आली तेव्हा मी तव्यावर ज्वारीची भाकरी टाकली होती. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले. पायरीशी बस्त्यावकाका गोणी घेऊन उभे होते. वसईच्या आमच्या गावात चर्चचं सगळं तेच बघायचे. घंटा, मेणबत्त्या, वेदीवरची वस्त्रं, सगळं. साठीचे, काटक, आणि बोलायला लागले की थांबायचे नाहीत.

"कार्मेलीन कुठाय?" त्यांनी विचारलं. कार्मेलीन म्हणजे माझ्या सासूबाई.

"आई मावशींकडे गेल्यात. मावशींची सून बाळंत झाली ना. उद्या दुपारी येतील. पण तुम्ही थांबा, मी देते की!"

या 'मी देते की'नंच माझा घात केला.

लग्नाला आठ महिने झाले होते. मी राहुरीकडची, नगर जिल्ह्यातली. माझे वडील तिथल्या मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पाळक. जोकीम विजेच्या खात्यात होता. दोन वर्षं आमच्याकडे बदलीवर आला आणि परत जाताना मला घेऊन गेला. तसे दोघंही ख्रिस्तीच, पण आम्ही प्रोटेस्टंट, हे कॅथलिक. बाहेरच्यांना वाटतं, यांचं काय, सगळं सारखंच असणार. अहो, सारखं कसलं! आमच्याकडे चार भिंती, एक पेटी, एक तबला आणि तासभर प्रवचन. इथे मूर्ती, धूप, मेणबत्त्या आणि वर्षभर कसले ना कसले सण. कधी उभं राहायचं आणि कधी गुडघे टेकायचे हेच मला महिनाभर कळत नव्हतं. सगळे बसले की मी उभी.

सासूबाईंनी वर्षभर तोंड फिरवून मग लग्नाला होकार दिला होता. मला टाकून बोलल्या नाहीत कधी. पण शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं, "मुलगी वाईट नाय गो. पण घाटावरची. आपली रीतभात तिला काय ठाऊक?" ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं होतं. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये जेव्हा सांगितलं, की बुधवारी उपवासकाळ सुरू होतोय, घरातल्या जुन्या झावळ्या बस्त्यावकडे द्याव्यात, तेव्हा मी मनात नोंद केली. म्हटलं, दाखवतेच आता घाटावरची काय चीज आहे ते.

झावळ्या म्हणजे खरं तर क्रूस. ईस्टरच्या आधीच्या रविवारी इथे नारळाच्या कोवळ्या पातीचे क्रूस विणतात. फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि माणसं ते घरी आणून ठेवतात. वर्षभर ते वाळत राहतात. आमच्या घरात एक दारावर होता, एक स्वयंपाकघरात, एक तांदळाच्या डब्यात आणि एक वाडीतल्या पंपाच्या खोलीत. चारी भराभर आणले. मग म्हटलं, नीट बघू या, एखादा राहायला नको. बाहेरच्या खोलीत येशूची मोठी तसबीर होती. स्टुलावर चढून तिच्या मागे हात घातला आणि काय, पाचवा सापडला! काळपट पडलेला, धुळीनं माखलेला, हात लावला तर पापुद्रा सुटत होता. मला कोण आनंद झाला! आईंच्याही नजरेतून सुटलेला मी शोधून काढला होता.

बस्त्यावकाकांनी चार क्रूस न बघता गोणीत टाकले. पाचवा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. माझ्याकडे बघितलं.

"हासुद्धा द्यायचा? नक्की?"

"नक्की म्हणजे! सगळ्यात जुना तोच तर आहे."

"बरं," ते म्हणाले आणि हळूच गोणीत ठेवून निघून गेले. आत माझी भाकरी करपली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी जोकीम कामावरून आला. तसबिरीखाली खुर्ची टाकून चहा पीत बसला. सहज मान वर गेली, तर पुढे झुकलेल्या तसबिरीमागची फट रिकामी.

"सुवार्ता, इथला क्रूस कुठाय?"

"दिला ना! बस्त्यावकाका आले होते. पाचच्या पाच दिले," मी ऐटीत सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. चेहरा असा उतरला, की मला वाटलं चहात काही पडलं.

"तो पप्पांचा होता गं."

माझे सासरे इनास मी कधी पाहिले नव्हते. फोटोतलेच. बस्त्यावकाकांच्या आधी पंचवीस वर्षं चर्चचं काम त्यांनी केलेलं. सगळ्या गावाचे क्रूस ते एकटे विणायचे. चार वर्षांपूर्वी झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दिवसभर बसून शंभराच्या वर क्रूस विणले, रविवारी सगळ्यांना वाटून टाकले, शेवटचा उरला तो घरी आणून बायकोच्या हातात दिला आणि मंगळवारी, ईस्टरही न बघता गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

"आई रोज सकाळी त्या तसबिरीला हात लावते, बघितलंयस ना?" जोकीम म्हणाला. "तुला वाटलं असेल, प्रार्थना करते. ती त्या क्रूसाला हात लावते."

मी बघितलं होतं. रोज बघत होते. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आठ महिने मी या बाईच्या मनात जागा मिळवण्यासाठी धडपडत होते. नुकतंच कुठे त्या मला 'पोरी' म्हणायला लागल्या होत्या. आणि मी त्यांच्या नवऱ्याच्या हातची शेवटची वस्तू गोणीत भरून दिली होती, वर हसत हसत!

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"कोण सांगणार? ती तर आम्हालाही त्याबद्दल बोलू देत नाही."

चप्पल घातली न घातली आणि मी चर्चकडे धावले. दिवेलागणीची वेळ होती. चर्चच्या मागे, गुलमोहराखाली बस्त्यावकाका पाटावर बसले होते. पुढ्यात घमेलं. फडक्यातून काहीतरी काळं, बारीक चाळत होते.

"काका, गोणी कुठाय?"

"उशीर केलास बाय," ते म्हणाले आणि घमेल्याकडे बोट दाखवलं.

मी मटकन खालीच बसले. "जाळलंत? सगळं? मला वाटलं, पवित्र वस्तू म्हणून विहिरीत वगैरे सोडत असाल!"

"विहिरीत?" ते चकित झाले. "मग परवा कपाळाला लावायची राख कुठून यायची? कुणाच्या चुलीतून?"

पाळकाची मुलगी मी, पण खरं सांगते, मला हे माहीतच नव्हतं. आमच्या मंडळीत राख लावत नसत. राखेचा बुधवार असतो एवढं ऐकून होते. ती राख कशाची, हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

काका चाळता चाळता सांगू लागले. "गेल्या वर्षी याच झावळ्या हलवून आपण प्रभूचा जयजयकार केला. यरुशलेमच्या लोकांनी केला तसाच. आणि पाच दिवसांत त्याच लोकांनी त्याला क्रूसावर चढवा म्हणून ओरडा केला. आपण काय वेगळे आहोत? रविवारी गाणी म्हणतो आणि सोमवारी बांधावरून शेजाऱ्याशी भांडतो. म्हणून जयजयकाराच्या झावळ्यांचीच राख करायची आणि ज्याची त्याच्या कपाळाला लावायची. हे मला इनासनं शिकवलं."

"काका, तुम्ही तो क्रूस ओळखला होतात ना?"

"ओळखला."

"मग मला थांबवलं का नाहीत?" मला आता रागच आला होता.

त्यांनी फडकं झटकलं. "इनासचाच नियम होता बाय. जुनी झावळी एकही घरात राहता कामा नये. एखाद्या म्हातारीनं लपवली तर तिच्या दारात बसून राहायचा. आता त्याच्याच घरात चार वर्षं मी गोणी घेऊन येतोय. कार्मेलीन चार देते आणि पाचवा देत नाही. तिला माहीत असतं की मला माहीत आहे. पण तिच्याकडे मागायची माझी छाती नव्हती. आज तू आपण होऊन आणून दिलास, तर मी काय समजू? मला वाटलं, तिनंच पाठवला."

आता बोला! मी त्यांच्याशी काय भांडणार?

"मला तसाच एक विणून द्या," मी म्हटलं. "मी तिथे ठेवते. जुना दिसेल असं बघते काहीतरी."

"त्यापेक्षा सांगून टाक की."

"नाही हो काका! आधीच मी त्यांच्या लेखी परकी. हे कळलं तर जन्मभर परकीच राहीन. मला चर्चच्या बाहेर उभं करतील."

काका हसले. "बाहेर उभं करायची रीत होती पूर्वी. खरं की खोटं ते इनासलाच ठाऊक, तो सांगायचा. म्हणे फार जुन्या काळी राख सगळ्यांना नव्हती. ज्यानं मोठा गुन्हा केला त्यालाच राख फासायचे, गोणपाट घालायचे आणि चर्चच्या दाराबाहेर ठेवायचे, ईस्टर जवळ येईपर्यंत. मग त्याच्या घरच्यांना, मित्रांना ते बघवेना. म्हणाले, आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत? आम्हालाही लावा. असं करत करत एक दिवस अख्खं गाव रांगेत उभं राहिलं. आता राख बघून कळतच नाही, गुन्हा कुणाचा ते."

मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माझं सगळं ध्यान नव्या क्रूसात होतं. शेवटी माझं तोंड बघून त्यांना दया आली. मागच्या माडाची पात कापली आणि दोन मिनिटांत विणून माझ्या हातात दिला.

तो हिरवागार, टवटवीत क्रूस चार वर्षांचा म्हातारा करायचा म्हणजे काय सोपं काम होतं? मंगळवारी सकाळी उठून मी तो कडक चहात उकळला. चुलीच्या धुरावर धरला. माळ्यावरची धूळ त्याच्यावर चोळली. जोकीम दारात उभा राहून बघत होता.

"हळद लाव थोडी. मीठही टाक," तो म्हणाला.

"तुला चेष्टा सुचतेय! आई आल्यावर तोंडातून अवाक्षर काढू नकोस. अळीमिळी गुपचिळी."

दुपारी सासूबाई आल्या. बाळ कसं गोरं आहे, बहीण कशी वाळली आहे, सगळं सांगत सांगत चपला काढल्या. पदर खोचला. आणि सवयीनं टाचा उंचावून त्यांनी तसबिरीमागे हात घातला.

मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी होते. हात आत गेला. थांबला. बोटं तिथेच चाचपडत राहिली. मग त्यांनी हात बाहेर काढला, बोटांकडे बघितलं आणि ती नाकाशी नेली. आता गं बया, मी मनात म्हटलं, चहाचा वास!

"चहा टाक पोरी," त्या म्हणाल्या. बस, इतकंच.

त्या दिवशी घरात कोंबडी शिजली होती, कारण दुसऱ्या दिवसापासून उपवास. एरवी त्या मंगळवारी म्हणे घरात हसणं-खिदळणं असायचं. आम्ही तिघं खाली माना घालून जेवलो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नेहमीसारख्या मला रस्सा वाढत होत्या आणि प्रत्येक पळीबरोबर माझा जीव अर्धा होत होता. हे तर आगीतून उठून फुफाट्यात पडणं झालं.

हात धुताना त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी येशील का चर्चला? की तुमच्यात चालत नाय राख?"

"येते आई," मी म्हटलं.

बुधवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. चर्च भरलं होतं. प्रार्थना झाली, प्रवचन झालं, मला एक शब्द ऐकू आला असेल तर शपथ. मग रांग लागली. सासूबाई पुढे, मी त्यांच्या मागे, माझ्या मागे जोकीम. पुढे फादर उभे होते आणि त्यांच्या शेजारी पितळेची वाटी धरून बस्त्यावकाका. फादर वाटीत अंगठा बुडवायचे, कपाळावर क्रूस काढायचे आणि हलक्या आवाजात प्रत्येकाला मातीची आठवण करून द्यायचे. डॉक्टर, मासेवाली, शाळेतले हेडमास्तर, वाडीत मजुरी करणारी माणसं, सगळी एकाच रांगेत. सगळ्यांची कपाळं एकसारखी काळी होऊन परत येत होती.

आणि तेव्हा मला काकांची ती गोष्ट आठवली. मी रांगेत उभी होते, पण खोटं पोटात घेऊन. पायच पुढे पडेनात.

"आई," मी मागून कुजबुजले, "मी नाही घेत राख. तुम्ही घ्या. मी बाहेर थांबते."

त्या वळल्या नाहीत. "का गो?"

"तसबिरीमागचा क्रूस खोटा आहे. खरा मी सोमवारी देऊन टाकला. मला माहीत नव्हतं. आणि मग तुम्हाला फसवलं. माझी चूक झाली आई."

एका दमात बोलले आणि रांगेतून बाहेर पाऊल टाकलं. त्यांनी पुढे बघत बघतच हात मागे केला आणि माझं मनगट गच्च धरलं.

"उभी राहा. निघाली कुठे? मग ही रांग कुणासाठी असते?"

मी परत उभी राहिले. रांग एक पाऊल सरकली.

"मला काल दुपारीच कळलं," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे डावखुरे होते. त्यांची गाठ उलटी बसायची. बोट लागल्याबरोबर समजलं. आणि त्यांच्या क्रूसाला चहाचा वास कधीच नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"बघत होते, घाटावरची किती दिवस तग धरते ते. एक दिवसही नाय धरलास." त्यांचे खांदे गदगदू लागले. रडतात की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या! मागच्या बायका माना उंच करून बघायला लागल्या. "नाव सुवार्ता आणि बातमी आणतेस ही अशी!"

"आई, तुम्हाला राग नाही आला?"

"आला. काल आला. जेवताना वाटलं, ताट उचलून फेकावं." रांग आणखी सरकली. त्यांचा आवाज बदलला. "आज सकाळी उठले तर अंग हलकं वाटत होतं. तुला काय सांगू पोरी, चार वर्षं मी चोरी करतेय. ज्यानं गावातल्या म्हाताऱ्यांना झावळ्यांसाठी दारात बसून बोल लावले, त्याच्याच बायकोनं झावळी दडवली. बस्त्याव आला की माझी मान खाली. देवानंच माफ करावं, पण मला स्वप्न पडायचं. इनास अंगणात गोणी घेऊन उभा आणि विचारतो, कार्मेलीन, पाचवा कुठाय? मला देववत नव्हता गो. माझ्या हातानं कधीच देववला नसता."

आता आमच्यापुढे दोनच माणसं होती. त्या म्हणाल्या, "जळतानाही मी नव्हते. कुठे टाकली असेल त्याची राख, कोण जाणे."

या बाईला तीस वर्षं माहीत असलेली गोष्ट दुःखानं विसरायला झाली होती, आणि ती मी, घाटावरच्या पोरीनं, त्यांना सांगायची होती.

"आई," मी म्हटलं, "ती कुठे जाईल? ती तिथे आहे. काकांच्या हातातल्या वाटीत."

त्यांनी वाटीकडे बघितलं. मग बस्त्यावकाकांकडे. काकांनी फक्त मान हलवली.

आमची पाळी आली. सासूबाई पुढे झाल्या. पदर मागे सारला, केस मागे सारले आणि सगळं कपाळ मोकळं करून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "फादर, जरा जास्त लावा."

फादर बिचारे गोंधळले. असं कुणी मागतं का कधी? पण त्यांनी अंगठा चांगला बुडवला आणि रुंद, काळाभोर क्रूस काढला. थोडी राख नाकावर सांडली. त्यांनी ती पुसली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा मोकळा झाला होता, की मी त्या घरात आल्यापासून तसा पाहिला नव्हता. मग मी पुढे झाले. मलाही तीच राख लागली.

घरी जाताना त्या माझ्या हाताला धरून चालत होत्या. "सुंठीवाचून खोकला गेला, पोरी," म्हणाल्या. "सुटले मी."

"आणि तो चहातला क्रूस? तो पुढच्या वर्षी देऊन टाकू?" मी विचारलं.

"त्याला आशीर्वाद कुठाय? तो राखेला चालायचा नाय. राहू दे तिथेच. परत कधी खोटं बोलावंसं वाटलं तर बघत जा."

जोकीम मागून जोरात हसला, आणि आम्ही दोघींनी वळून त्याला एकदमच गप्प केलं.

पुढे सव्वीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात काढली. भांडलोही पुष्कळ. दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी त्या माझ्याकडून क्रूस विणून घ्यायच्या आणि गाठ सैल म्हणून परत सोडायच्या. ज्या वर्षी त्या वारल्या, त्या वर्षी हात थरथरत होते, तरी एक स्वतः विणला. वाकडातिकडा. "हा तुझा," म्हणून मला दिला.

बस्त्यावकाका तर केव्हाच गेले. आता चर्चमधून ग्रेटा म्हणून एक बाई येते, कापडी पिशवी घेऊन. यंदा ती आली तेव्हा मी चार क्रूस पटकन दिले. पाचवा, आईंच्या हातचा तो वाकडातिकडा, हातात घेऊन स्टुलापाशी किती वेळ उभी होते, ते मलाच माहीत. परत मागे सरकवला असता तर कुणाला कळलं असतं? तसबिरीमागे तो चहात उकळलेला जुना क्रूस अजून होता. तो दिसला आणि मी बाहेर आले.

"मावशी, हासुद्धा?" ग्रेटानं विचारलं. "नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

बुधवारी रांगेत माझी पाळी आली. फादर नवीन होते, तरुण. मी पदर मागे सारला, केस मागे सारले आणि म्हटलं, "फादर, जरा जास्त लावा."